कोडिंग शिकवणाऱ्या शिक्षकांना नेमका आधार कसा द्यायचा?

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला. सावंतवाडी तालुक्यातल्या तुमच्या संस्थेत यंदा पाचवी ते बारावी कोडिंग सुरू केलंय. शिकवणारे सहा जण, त्यात कम्प्युटरचे दोघंच. बाकीचे गणित-विज्ञानाचे, आणि एक बाई पाचवीला सगळेच विषय घेतात. लॅबमध्ये चालू मशीन चौदा, वर्गात मुलं पन्नासच्या आसपास. काहींचं घरी यूट्यूबवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बघून झालंय, काहींनी माउसला हात लावलेला नाही. मुलं चॅटजीपीटीकडून उत्तरं लिहून आणतील ही भीतीही तुम्हाला आहे. संस्थेने थोडे पैसे काढून ठेवलेत आणि ते रोबोटिक्सच्या किटवर घालायचे की शिक्षकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं आणि आता मुलांपेक्षा शिकवणाऱ्यांसोबत जास्त बसतो. माझं मत विचाराल तर आत्ता दोन्हीवर पैसे घालू नका. आधी वेळापत्रक हातात घ्या. या सहाही जणांना आठवड्यातून एक तासिका एकाच वेळी मोकळी करून द्या. त्या तासाला काम एकच: मुलांनी लिहिलेले, चुकलेले प्रोग्रॅम समोर ठेवायचे आणि मूल नेमकं काय समजून तसं लिहून गेलं हे सगळ्यांनी मिळून शोधायचं.

कारण सांगतो. गणिताच्या बाईंना सुट्टीत पायथन शिकता येईल, त्यात अवघड काही नाही. पण वर्गात पोरगं हात वर करून ‘मॅडम, चालत नाही’ म्हणतं, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखणं हे वेगळं कौशल्य आहे. ते कोडिंगच्या पुस्तकात सापडत नाही आणि दोन दिवसांच्या शिबिरात तर नाहीच नाही.

पाचवी-सहावीचंच बघा. स्क्रॅचवर, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्यावर, मुलं खूश असतात. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये काढलेलं हे साधन आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच आहे. मुलाला करायचं असतं एवढंच की पडद्यावरचं मांजर कडेला टेकलं की त्याने ‘म्याव’ करावं. तो हिरव्या झेंड्याखाली (झेंडा दाबला की प्रोग्रॅम सुरू होतो) ‘जर’चा ठोकळा लावतो, त्यात अट घालतो, आवाज घालतो. झेंडा दाबतो, मांजर माउसने ओढून कडेला नेतो. काहीच होत नाही. बहुतेक शिक्षक इथे सांगतात, ‘अरे, त्याला बाहेरून फॉरएव्हर लाव,’ म्हणजे आतलं काम पुन्हा पुन्हा करत राहणारा ठोकळा. मूल लावतं, मांजर म्याव करतं, तास संपतो. पण मुलाला कळलं काहीच नाही. घरी आपण ‘पाऊस आला तर कपडे आत घे’ म्हणतो तेव्हा आभाळाकडे लक्ष ठेव असं त्यात गृहीत असतं, आणि मुलाने ‘जर’ तसाच घेतलेला असतो. संगणक मात्र झेंडा दाबल्याच्या क्षणी एकदाच बघतो. मांजर तेव्हा मध्येच असतं, म्हणून उत्तर ‘नाही’, आणि काम तिथेच संपतं. हे ठाऊक असलेल्या बाई ठोकळा सांगत नाहीत, प्रश्न विचारतात: ‘झेंडा दाबलास तेव्हा मांजर कुठे होतं?’ मूल थांबतं, आठवतं आणि पुष्कळदा स्वतःच वाट काढतं. हा एक प्रश्न पाचवीच्या बाईंच्या हाताशी असणं मला त्यांना सगळं स्क्रॅच येण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

आठवी-नववीला पायथन घेताना पुढच्या तीन ओळी फळ्यावर लिहायला सांगा:

क = ५
ख = क
क = ९

आणि मुलांना विचारा, आता ख किती? वर्गातली बरीच मुलं नऊ म्हणतील, आणि त्यात गणितात चांगली मुलंही असतील. आपणच त्यांना शिकवलंय की ‘=’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. मग ख क-बरोबर बांधला गेला, क बदलला की ख बदलणारच. पायथनमध्ये मात्र हे चिन्ह म्हणजे ‘उजवीकडची किंमत आत्ता काढ आणि डावीकडच्या नावाला दे’, एवढंच. म्हणून उत्तर पाच. पुढे ‘क = क + १’ दिसलं की हीच मुलं अडतात, कारण गणिताच्या तासाला ते धडधडीत खोटं असतं. आणि इथे तुमच्या गणिताच्या शिक्षकांचं पारडं कम्प्युटरच्या शिक्षकांपेक्षा जड आहे. बरोबरीच्या चिन्हाची सवय मुलांना कुठून लागली, ते त्यांनाच माहीत आहे. त्यांना हे जाणवून द्या. ‘आम्हाला कुठे कोडिंग येतं’ हा न्यूनगंड निम्मा तिथेच उतरतो.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक उपयोगी गोष्ट. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे वरच्या क, ख सारख्या किंमत धरणाऱ्या नावाला, देवनागरी नाव देता येतं. ‘गुण’, ‘एकूण’, ‘वय’ अशी नावं असलेला प्रोग्रॅम मुलं भराभर वाचतात. कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच टाइप करावे लागतात. टायपिंगला सतत कीबोर्ड बदलणं त्रासाचं, म्हणून मी ही नावं फळ्यावर आणि छापील कागदावर वापरावीत या मताचा आहे. वाचायला मराठी, टाइप करायला साधी इंग्रजी नावं.

अकरावी-बारावीचा आजार वेगळा. तिथे सी किंवा सी प्लस प्लस या भाषा असतात आणि सगळ्यांचं लक्ष जर्नलवर सही मिळण्याकडे असतं. एकाचा प्रोग्रॅम पन्नास जर्नलांत उतरतो. तिथल्या सरांना सांगा, सही करण्यापूर्वी मुलासमोर त्यातली एक ओळ बदलायची आणि आता काय छापलं जाईल ते विचारायचं. दोन मिनिटांचं काम आहे. चॅटजीपीटीने लिहून आणलेल्या उत्तराला तुम्ही जे घाबरताय, त्यालाही मला हाच इलाज दिसतो. शिवाय एरर वाचायला शिकवा. ओळीच्या शेवटचा सेमीकोलन (;) राहिला एका ओळीत आणि कम्पायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, पुष्कळदा बोट दाखवतो पुढच्या ओळीकडे. मुलं त्या पुढच्या ओळीतच शोधत बसतात आणि हताश होतात. ‘दाखवली ती ओळ आणि तिच्या वरची, दोन्ही बघ’ ही सवय पहिल्या महिन्यात लागली तर सरांच्या मागे लागणारी रांग निम्मी होते.

आता चौदा मशीन आणि पन्नास मुलं. सगळ्यांना एकदम लॅबमध्ये नेऊ नका. निम्मी मुलं मशीनवर जोडीने, निम्मी कागदावर, आणि अर्ध्या तासिकेने अदलाबदल. जोडीत एकाच्या हातात माउस-कीबोर्ड आणि दुसऱ्याने फक्त तोंडाने सांगायचं, दहा मिनिटांनी जागा बदलायची. पुढे गेलेल्या मुलांना एक नियम पक्का घाला: दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही, विचारून विचारून समजवायचं. आणि त्यांना कायमचं ‘छोटे सर’ करून ठेवू नका. त्यांनाही त्यांच्या ताकदीचं काम हवं. सगळ्यांना तोच प्रोग्रॅम द्या, पण एकाने त्यात आकडा बदलायचा, दुसऱ्याने अट वाढवायची, तिसऱ्याने तो फंक्शनमध्ये, म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा तुकड्यात, बसवायचा. वर्गाच्या वेगळ्या बॅचेस पाडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कागदावर काय द्यायचं? पार्सन्स प्रॉब्लेम्स. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली ही पद्धत: बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी कापून, विस्कटून द्यायच्या आणि मुलांनी क्रम लावायचा. टायपिंगची भीती नाही, विचार मात्र पूर्ण. एकदोन फसव्या पट्ट्या मिसळल्या की हुशार मुलंही रेंगाळतात. दुसरी पद्धत कम्प्युटर शिक्षणाच्या अभ्यासक सू सेंटन्स यांची, तिला प्रिम म्हणतात. चालणारा प्रोग्रॅम हातात द्यायचा, तो काय करेल याचा आधी अंदाज बांधायला लावायचा, मग चालवायचा, मग उकलून बघायचा, मग थोडा बदलायचा आणि शेवटी स्वतःचा लिहायचा. नवख्या शिक्षकाला याचा मोठा आधार असा की कोऱ्या पडद्यापुढे उभं राहून सगळ्यांसमोर टाइप करत बसावं लागत नाही. तयार, तपासलेला प्रोग्रॅम घेऊनच वर्गात जाता येतं.

पाचवीच्या बाईंनी पहिलं सत्र संगणकाविना काढलं तरी चालेल. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून निघालेले सीएस अनप्लग्डचे उपक्रम बघा. व्हरांड्यात खडूने जाळं काढायचं, सहा मुलांना हातात आकडे देऊन त्यावरून चालवायचं, दोघं समोरासमोर आली की लहान आकडा एका बाजूला, मोठा दुसऱ्या बाजूला. शेवटी सगळी चढत्या क्रमाने उभी. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हेच कामी येईल. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ पासून चालवलेला सीएसपाठशाला हा उपक्रम याच विचाराचा आहे. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली बेब्रास ही कोडी सोडवण्याची स्पर्धाही भारतात त्यांच्यामार्फत होते, कोडी मराठीतही असतात. स्पर्धा म्हणून भाग घेतलाच पाहिजे असं नाही. आठवड्याला एक कोडं फळ्यावर टाकलं तरी पुरे.

शिक्षकांकडे आधी न बघता विषय आणला की काय होतं, याचं मोठं उदाहरण इंग्लंडचं. २०१४ मध्ये तिथे अगदी पाच वर्षांच्या मुलांपासून कम्प्युटिंग अभ्यासक्रमात आलं. शिकवणारे बरेचसे शिक्षक तोवर वर्ड प्रोसेसिंग आणि स्प्रेडशीट शिकवत होते. शेवटी २०१८ मध्ये सरकारने ८.४ कोटी पौंड बाजूला काढून शिक्षकांच्या मदतीसाठी राष्ट्रीय केंद्र उभं केलं, ठिकठिकाणच्या शाळांना त्याची स्थानिक ठाणी केलं आणि सगळ्या इयत्तांचे तयार पाठ फुकट खुले केले. ते टीच कम्प्युटिंगचे पाठ तुम्हालाही उतरवून घेता येतील. आपल्या २०२०च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यापासून कोडिंग आणायचं म्हटलंय, पण शिकवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं काम शेवटी तुमच्यासारख्यांच्याच अंगावर येणार.

किटविषयी. महागडं किट आलं की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढतं, एखादा सेन्सर हरवला तर जबाबदारी शिक्षकाची, म्हणून ते कुलपात राहतं आणि पाहुणे आले की बाहेर निघतं. मुलांना सर्किटची गोडी लावायची असेल तर मायक्रोबिट या छोट्या सर्किट बोर्डासाठीचं मेककोड हे प्रोग्रॅमिंगचं साधन वापरा. त्यात बोर्ड विकत न घेता पडद्यावरच तो चालवून बघता येतो. वर्षभर ते रुळलं की चारपाच बोर्ड घ्या. पैसे आत्ता घाला ते चांगले माउस, एक यूपीएस, कागदाच्या पट्ट्यांची छपाई आणि मशीन सुरू ठेवणारा अर्धवेळ लॅब सहायक यांवर. जुन्या मशीनवर विंडोज ७ असेल तर पायथनची ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती, नवी टाकायला जाऊ नका. नवशिक्यांसाठी एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं थॉनी हे पायथन लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर टाका. एकेक ओळ चालवून व्हेरिएबलची किंमत बदलताना त्यात दिसते, वर लिहिलेल्या त्या तीन ओळी, आकडे इंग्रजी टाकून, त्यातच दाखवा.

प्रशिक्षण नको असं नाही. दोन दिवसांचे ते बारा तास सत्रभर विभागून घ्या म्हणजे वर्गात करून बघायला मध्ये वेळ मिळेल. स्वतः शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, लहान लहान, आणि उतरवून घेतले की इंटरनेटही लागत नाही.

एक गोष्ट मुख्याध्यापकांशी तुम्हीच बोला, शिक्षक बोलू शकणार नाहीत. ‘कम्प्युटरचे सर’ म्हटलं की यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची) माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, निकालपत्रकं, ऑफिसचा प्रिंटर, सगळं त्यांच्याच गळ्यात पडतं. ज्या दोघांना थोडंफार येतं, त्यांचाच मोकळा तास आधी खर्ची पडतो. ती आठवड्याची तासिका बदली तासासाठीही काढून घ्यायची नाही, हे लेखी ठरवून घ्या. नाहीतर जुलैत सुरू झालेली बैठक गणपतीपर्यंत बंद पडते.

तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून बघा, शेजारच्या शाळांतही एखादा एकटा शिक्षक याच चिंतेत असेल. आणि तुम्ही गोव्याच्या वेशीवर आहात. तिथे सरकारने सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आणलंय. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या शाळेशी ओळख काढा, त्यांचे शिक्षक याच अनुभवातून जात आहेत.

पहिल्या बैठकीला प्रत्येकाने एकच चुकलेला प्रोग्रॅम आणावा, मुलाचं नाव झाकून. आधी पाचवीच्या बाईंना बोलू द्या, मग गणित-विज्ञानवाले, कम्प्युटरच्या दोघांनी सगळ्यात शेवटी. ते आधी बोलले तर उत्तर लगेच मिळतं आणि बाकीचे गप्प होतात. जी चूक ओळखली ती आणि तिच्यावर विचारायचा प्रश्न, असं एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणाची बदली झाली किंवा नवीन शिक्षक आले तर पहिल्या दिवशी ती वही त्यांच्या हातात द्या. अडलेले प्रोग्रॅम इथे टाकले तर मी आणि इथले बाकीचे नक्की बघू, फक्त सोबत मूल काय म्हणालं तेही शब्दशः लिहा.