पन्नाशीत बी.ए. करून काय उपयोग?

ताई, बारावीला शिक्षण सुटलं, मुलं मार्गी लागली, आता पन्नाशीत बी.ए. केलं तर उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी 'नोकरी थोडीच लागणार!' म्हणून विषय मिटवलाय. मला नाही पटत.

शिक्षण म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे नोकरी, हे आपल्याकडे मुरलंय त्याला कारण आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडनच्या धर्तीवर : शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. आपल्या गोव्यात तेवढंही नव्हतं. पणजीत १८४२ची वैद्यकीय शाळा आणि १८५४चं लिसेव (म्हणजे माध्यमिक शाळा), दोन्हीकडे शिकवणं पोर्तुगीजमधून. बी.ए. व्हायचं तर मुंबई, पुणे, धारवाड गाठा. ते परवडायचं मोजक्या घरांना, आणि तिथूनही जायचे बहुतेक मुलगेच. मुक्तीनंतर १९६२मध्ये धेंपे आणि चौगुले कॉलेजं आली, तीही मुंबईला जोडलेली. आपलं विद्यापीठ १९८५चं. इतकी वाट पाहून मिळालेल्या पदवीकडे लोक पोटापाण्याचं साधन म्हणून बघणारच.

पण मोठ्या माणसांच्या शिक्षणाची वेगळी वाटही जुनीच आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. डेन्मार्कात १८४४पासून शेतकऱ्यांच्या तरुण पोरांसाठी निवासी लोकशाळा निघाल्या; इतिहास, गाणी, चर्चा, आणि परीक्षा नाहीच. आपल्या सांखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी तर बायको-मुलगी असताना १८९९मध्ये घर सोडून निघाले. पुणे-काशीला संस्कृत, पुढे सिलोनात पाली. शाळा धड झालेली नसताना फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, हार्वर्डला ग्रंथसंपादन केलं. (त्यांच्या मागे घर कोणी सांभाळलं, हेही विचारावं. बाईला अशी मोकळीक कोण देणार होतं? तुम्हाला आज मिळतेय, तर घ्या.)

३० मे २०२५ला गोवा पूर्ण साक्षर जाहीर झालं. चांगलंच झालं, पण सही करता येण्यापुढे प्रौढांनी काय शिकावं, यावर कोणी बोलत नाही.

तुमच्यापुरतं सांगतो. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) बी.ए.ला बारावी पुरते, वयाची अट नाही, कमीत कमी तीन वर्षं लागतात. घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना ३० टक्के वजन, बाकी लेखी परीक्षा. बाजारात तयार स्वाध्याय विकत मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. खरं शिकणं होतं ते स्वाध्याय स्वतः लिहिण्यातच. परीक्षाच नको असेल तर गोवा विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापकांचे छोटे अभ्यासक्रम होतात, त्यांना बाहेरच्यांनाही बसता येतं. आणि पणजीत पाट्टोवरची कृष्णदास शामा लायब्ररी आहेच, १८३२पासूनची.

माझं मत विचाराल तर बी.ए.च करा. एकट्याने वाचताना आपण आवडीचं तेवढंच वाचतो. अभ्यासक्रम नावडतंही वाचायला लावतो. फक्त उत्तरं मराठीतून लिहायची असतील तर तशी सोय आहे का, हे अर्ज भरण्याआधी अभ्यासकेंद्रावर विचारून घ्या.