रविवारी गायनाची ऑडिशन आणि सोमवारपासून सर्दी: काय करावे?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. तुम्ही चिमूर तालुक्यातील एका गावात राहता, येत्या रविवारी नागपूरला तुमची गायनाची ऑडिशन आहे, एक भावगीत आणि एक नाट्यगीत तयार आहे, आणि सोमवारपासून सर्दीने नाक बंद झाले आहे. आई दिवसातून तीनदा काढा पाजत आहे, काका सुई लावून घ्यायला सांगत आहेत आणि भजनी मंडळातील जाणती माणसे म्हणतात की घसा बसू नये म्हणून रियाज दुप्पट करावा. मी ब्रह्मपुरीकडे बऱ्याच वर्षांपासून गायन आणि पेटी शिकवतो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांना साथ करताना, दिवाळीनंतरच्या थंडीत उघड्या मंडपात पहाटेपर्यंत गाणाऱ्या नटनट्यांच्या सर्द्याही जवळून पाहिल्या आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांविषयी जे लिहिले आहे ते डॉक्टरांना विचारूनच करावे.

कोणताही उपाय करण्याआधी तुमची सर्दी नाकातच आहे की कंठात उतरली आहे, हे ठरवले पाहिजे, कारण पुढचे सारे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. सकाळी उठून तासाभराने, कोमट पाणी पिऊन झाल्यावर, तानपुरा लावा (मोबाईलवरचा चालेल) आणि ओठ मिटून, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात, मध्य षड्जापासून (मधल्या ‘सा’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) गुणगुणत जा. जोर अजिबात लावू नका. वरचे स्वर इतक्या हलक्या आवाजातही अखंड लागत असतील तर स्वरतंतू बरे आहेत आणि त्रास फक्त नाकाचा आहे. पंचम किंवा धैवताच्या (‘प’ किंवा ‘ध’च्या) पुढे आवाज फाटत असेल, स्वर लागण्याआधी नुसती हवा येत असेल, किंवा जोर दिल्यावरच स्वर उमटत असेल, तर स्वरतंतूंना सूज आहे. मोठ्या आवाजात गाऊन ही परीक्षा होत नाही, कारण जोर लावला की सूज काही काळ झाकली जाते. रोज सकाळी याच वेळी एकदाच हे करा आणि कोणत्या स्वरापर्यंत आवाज स्वच्छ गेला ते वहीत लिहून ठेवा.

नाक बंद असताना गाता येते, सुजलेल्या स्वरतंतूंनी मात्र गाऊ नये. तुम्ही काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, गात असाल तर मध्य षड्जाला स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट. सुजलेल्या नाजूक त्वचेवर इतके आघात होत असताना रियाज दुप्पट करणे म्हणजे मुरगळलेल्या पायाने धावण्याचा सराव करणे आहे. मंडळातील वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण या वेळी तो मानू नये. आणखी एक फसवणूक ध्यानात ठेवा: सूज असताना स्वरतंतू जाड झालेले असतात, म्हणून पहाटेचा खर्ज, म्हणजे खालचे स्वर, नेहमीपेक्षा खोल आणि भरदार लागतो, आणि गाणाऱ्याला वाटते की आवाज सुधारला.

आता काढ्याविषयी. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात, त्यामुळे काढा, मध, ज्येष्ठमध, खडीसाखर यांपैकी काहीही स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. केले तर ठसकाच लागेल. तरीही हे पदार्थ निरुपयोगी नाहीत. ते घशाच्या मागच्या भागाची खवखव शमवतात, आणि रात्री चमचाभर मध घेतल्याने खोकल्याची उबळ कमी होते हे खरे आहे. मात्र सुंठ आणि मिरे घातलेला तिखट काढा उपाशीपोटी तीनदा घेतला तर पित्त वाढते, आणि आडवे झाल्यावर घशाकडे चढणारे ते आम्ल स्वरयंत्राला सर्दीइतकेच छळते. आईला सांगा की काढा दिवसातून एकदाच द्यावा, जेवणानंतर आणि सौम्य. त्याच कारणाने रविवारपर्यंत ठेचा, सावजी रस्सा आणि रात्री उशिराचे जेवण टाळा. झोपण्याच्या तीन तास आधी जेवण आटोपलेले असावे. संत्र्याने सर्दी होते हा समज आपल्याकडे ऐन संत्र्याच्या मुलखात पक्का आहे, पण सर्दी विषाणूने होते, संत्र्याने नाही. आंबट खाऊन घसा खवखवत नसेल तर संत्री खुशाल खा.

वाफ ही एकच गोष्ट श्वासावाटे थेट स्वरतंतूंपर्यंत पोहोचते, म्हणून तिच्यावर माझा जास्त भर आहे. पाणी उकळल्यावर भांडे खाली उतरवून दोन मिनिटे थांबा, भांडे जमिनीवर स्थिर ठेवा, डोक्यावरून टॉवेल घ्या आणि नाकातोंडाने सावकाश १० मिनिटे वाफ घ्या. सकाळी एकदा आणि रात्री एकदा पुरे. पाण्यात बाम किंवा निलगिरी घालू नका. त्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण सूज उतरत नाही आणि घशाची आग होते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. नाक मिठाच्या पाण्याने धुवायचे असेल तर पाणी उकळून थंड केलेलेच घ्या. विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात घालणे धोक्याचे आहे. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहा, कारण गाण्याच्या आधी तांब्याभर प्यायलेले पाणी स्वरतंतूंच्या ओलाव्यापर्यंत पोहोचायला काही तास लागतात.

सुईला माझा स्पष्ट विरोध आहे. सर्दीच्या विषाणूवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही, आणि आवाज लगेच मोकळा करणारे इंजेक्शन दिले गेले तर ते बहुधा स्टिरॉइडचे असते. त्याने सूज तात्पुरती उतरते, वेदना जाणवत नाही, आणि त्या भ्रमात जोराने गायले तर स्वरतंतूतील बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. असे इंजेक्शन द्यायचे की नाही हे आरशाने किंवा दुर्बिणीने स्वरतंतू पाहिलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञानेच ठरवावे. रक्तस्रावाच्या भीतीपोटीच ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनही टाळावे. अंग दुखत असेल किंवा ताप असेल तर पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरे. मेडिकलमधून मिळणाऱ्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत झोप आणणारे आणि सगळीकडचा ओलावा सुकवणारे औषध असते. झोप लागत नसेल तर शुक्रवारपर्यंत रात्री घेण्याबाबत डॉक्टरांना विचारा, पण रविवारी सकाळी घेऊ नका, आणि पूर्वी कधीच न घेतलेली गोळी ऑडिशनच्या दिवशी पहिल्यांदा तर नकोच.

साध्या सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि ती आठवडा ते १० दिवसांत ओसरते. म्हणजे बुधवार तुम्हाला सर्वात वाईट जाईल आणि रविवारपर्यंत नाक बरेच मोकळे झालेले असेल. खोकला कदाचित राहील. म्हणून बुधवारी आणि गुरुवारी सकाळच्या त्या परीक्षेपलीकडे गाऊ नका. तानपुरा लावून डोळे मिटून बसा आणि पूर्ण गीत मनात गा, हाताने ताल धरा, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते, श्वास कुठे घ्यायचा, नाट्यगीतातील ताना कोणत्या मात्रेवरून उठतात हे कागदावर मांडा. हा रियाज एरवी कोणी करत नाही, म्हणून या दोन दिवसांचे मला फारसे वाईट वाटत नाही. बोलणे कमी करा, पण कुजबुजू नका; कुजबुजताना अनेकांचे स्वरयंत्र आवळले जाते, त्यापेक्षा हळू पण नेहमीच्या आवाजात बोललेले चांगले. घसा खाकरण्याची सवय मोडा, खाकरावेसे वाटले की आवंढा गिळा किंवा पाण्याचा घोट घ्या. धान चुरण्याचे काम घरी सुरू असेल तर त्या धुळीपासून, आणि चुलीच्या व शेकोटीच्या धुरापासून, हे चार दिवस घरच्यांनी तुम्हाला मोकळे ठेवावे. वाटल्यास त्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

शुक्रवारी परीक्षा बरी निघाली तर पेलाभर पाण्यात नळी बुडवून तिच्यातून बुडबुडे काढत ‘ऊ’चा स्वर खालून वर आणि वरून खाली न्या, पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. नळीमुळे उलटा दाब मिळतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात. शनिवारी दोन्ही गाणी अर्ध्या आवाजात एकेकदाच म्हणा.

आणि पट्टी उतरवा. याविषयी गायकांच्या मनात उगीचच कमीपणाची भावना असते. काळी चारऐवजी पांढरी पाच घेतली तर अर्धा स्वर उतरतो, काळी तीन घेतली तर पूर्ण एक स्वर. परीक्षकांना लावलेला स्वर खरा आहे की नाही हे ऐकायचे असते, षड्ज कोणत्या पट्टीवर आहे हे नाही. मात्र हे साथीदारांना शनिवारीच फोन करून कळवा. काळी चारचा तबला अर्धा स्वर उतरवता येतो, पण त्याहून खाली न्यायचे असेल तर दुसरा तबला सोबत आणावा लागू शकतो. ट्रॅकवर (आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर) गाणार असाल तर तो मोबाईलमधील ॲपने उतरवून ठेवा आणि मूळ पट्टीचाही सोबत असू द्या.

बंद नाकाचा खरा घोटाळा स्वरात नसून शब्दांत आहे. नाकातून हवा जात नसल्याने ‘मन’चे ‘बद’ होते आणि ‘नयन’चे ‘दयद’. दोन्ही गाण्यांचे शब्द लिहून त्यांतील म, न, ण आणि अनुस्वारांवर खुणा करा. त्या अक्षरांवर थांबायचे असेल तर अक्षर चटकन उच्चारून आलाप पुढच्या किंवा मागच्या ‘आ’वर, ‘ए’वर घ्या. दोनपैकी कोणते गाणे आधी म्हणायचे हे तुमच्या हाती असेल तर अनुनासिके कमी आहेत ते आधी म्हणा. सर्दीत कान दडपतात आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, त्यामुळे स्वर उतरल्यासारखा वाटून गायक तो वर ढकलतो. तानपुरा नेहमीपेक्षा मोठा ठेवायला सांगा.

नागपूरला रविवारी पहाटेच्या एसटीने न जाता शनिवारी दुपारीच निघा आणि नातेवाइकांकडे मुक्काम करा. गाडीत दुपट्ट्याने नाकतोंड झाका, आणि सोबतच्या मैत्रिणीशी इंजिनच्या आवाजावर मात करत गप्पा मारू नका. दोन-तीन तासांच्या त्या ओरडण्याने चार दिवसांची विश्रांती वाया जाते. रविवारी मंचावर सर्दीचा उल्लेख करू नका. कोणी विचारलेच तर एका वाक्यात सांगा.

जावे की नाही, याचा निकाल रविवारच्या सकाळच्या परीक्षेवर ठेवा. हलक्या आवाजात गाण्यातील सर्वात वरच्या स्वरापर्यंत, उतरवलेल्या पट्टीत, अखंड जाता आले तर नाक वाहत असले तरी निःशंक जा. आवाज मध्य सप्तकातच फाटत असेल तर आयोजकांना फोन करून दुसरी तारीख मागा. शुक्रवारीच लक्षण बरे दिसत नसेल तर त्याच दिवशी विचारून ठेवलेले बरे. गाताना घशात कळ आली किंवा आवाज अचानक गेला तर त्या क्षणी थांबा, गाणे पूर्ण करू नका आणि तज्ज्ञाला दाखवा. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास असे काही झाले तर ऑडिशन बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा, आणि आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगरा राहिला तरी दाखवून घ्या. ऑडिशन कशीही झाली तरी सोमवारी आणि मंगळवारी भजनाला बसा, टाळ वाजवा, पण गाऊ नका.