शहर ताब्यात गेलं, दप्तर चालू आहे

वाचकांचे प्रश्न : नगरकारभार

मागच्या अंकात युक्रेनमधल्या मारियुपोल महापालिकेचा ओझरता उल्लेख केला होता. शहर 2022 पासून रशियाच्या ताब्यात आहे आणि महापालिका मात्र दुसऱ्या शहरांत बसून आपल्याच नागरिकांची कामं करते आहे, एवढंच लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर याच विषयाला दिलं आहे. माझी नोकरी नगरपरिषदेतली. आधी जन्म-मृत्यू विभाग, पुढे कार्यालयीन अधीक्षक. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा झापोरिझ्झियाला एमबीबीएस करत होता, युद्ध सुरू झाल्यावर परत आला. त्याची वर्गमैत्रीण मारियुपोलची आहे. ती म्हणते, ‘आमच्या महापालिकेचं काम आता द्नीप्रोला चालतं.’ स्वतःचे रस्ते नाहीत, नळ नाहीत, घरपट्टी नाही, मग ती महापालिका करते तरी काय? — एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, आपल्याकडे नगरपालिका म्हटलं की पाणी, कचरा, दिवाबत्ती हेच डोळ्यांपुढे येतं. मारियुपोल हे अझोव समुद्राकाठचं सव्वाचार लाखांहून मोठ्या वस्तीचं पोलादाचं शहर. मार्च 2022 मध्ये वेढा पडला तेव्हा वीज, पाणी, गॅस, फोन सगळंच तुटलं. 20 मे 2022 ला अझोवस्ताल कारखान्यातले शेवटचे सैनिक शरण आले आणि शहर पूर्ण गेलं. पाणी-कचऱ्याची कामं त्या दिवशी महापालिकेच्या हातून सुटली. पण ज्यांच्यासाठी ती कामं होती ती माणसं लाखांनी बाहेर पडली होती. मिळेल त्या गाडीनं दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून ती झापोरिझ्झियाला आणि तिथून पुढे देशभर पांगली. वाटेत रशियन चौक्यांवर चौकशी, फोनची तपासणी, अंगावरचे कपडे उतरवून पाहणी. कित्येकांची कागदपत्रं घरासकट जळाली होती.

महापौर वादिम बोइचेंको आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनी ‘मी मारियुपोल’ या नावानं केंद्रं काढली. द्नीप्रो, झापोरिझ्झिया, कीव आणि आणखीही शहरांत ती आहेत. तिथं धान्य-औषधं मिळतात, डॉक्टर असतो, वकील असतो, मानसोपचाराची सोय असते. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे कागद मार्गी लावून देणारा माणूस असतो. विस्थापित म्हणून नोंद झाल्याशिवाय सरकारी मदत सुरू होत नाही. ही मदत मार्च 2022 पासून मोठ्या माणसाला महिना 2000 आणि लहान मुलाला किंवा अपंगाला 3000 रिव्निया (युक्रेनचं चलन) अशी ठरली होती. पेन्शन, शाळाप्रवेश, दवाखाना, सगळं त्या नोंदीवर येऊन थांबतं. फेब्रुवारी 2020 पासून युक्रेनमध्ये ‘दिया’ नावाचं सरकारी अ‍ॅप होतं, ओळखपत्रं फोनमध्ये होती, म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं. सत्तरीच्या आजीबाईंकडे मात्र ना अ‍ॅप, ना फोन. त्यांच्यासाठी टेबलामागे आपल्या गावचं, आपल्या गल्ल्या ठाऊक असलेलं माणूस लागतं.

2005 च्या जुलैत नदीचं पाणी आमच्या कार्यालयात शिरलं, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी जन्म-मृत्यूची रजिस्टरं माडीवर नेली. टेबलं, कपाटं, पाणीपट्टीच्या पावत्या खालीच भिजल्या. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायचं काम चालू असतानाच एक बाई लेकाचा दाखला मागायला आल्या. घर पडलं होतं, मदतीच्या यादीत मुलाचं नाव घालायला पुरावा हवा होता. जिन्यात बसून रजिस्टर मांडीवर घेतलं आणि नोंद शोधून दाखला लिहून दिला. मारियुपोलच्या लोकांबद्दल वाचते तेव्हा मला त्या केंद्रांवरचे कारकून दिसतात.

प्रश्न : शत्रू आला तेव्हा पदाधिकाऱ्यांनी गाव सोडलं आणि आता बाहेर बसून कारभार करतात. आम्ही फौजेत होतो, आम्हाला हे पटत नाही. — एक माजी सैनिक, सातारा

उत्तर : दादा, तुमच्या मनातली सल समजते, पण सगळी हकिगत पाहा. मेलितोपोलचे महापौर इवान फेदोरोव गावातच होते. 11 मार्च 2022 ला सशस्त्र लोकांनी त्यांना डोक्यावर पिशवी घालून चौकातून नेलं. लोक रस्त्यावर उतरले. 16 मार्चला युद्धकैद्यांच्या बदल्यात त्यांची सुटका झाली आणि त्यानंतर ते झापोरिझ्झियाहून काम पाहू लागले. खेरसनचे महापौर इहोर कोलिखायेव गाव ताब्यात गेल्यावरही कार्यालयात येत राहिले, जून 2022 मध्ये त्यांना पकडलं. त्याच शहराचे माजी महापौर व्होलोदिमिर मिकोलायेंको तीन वर्षांहून अधिक काळ कैदेत होते, ऑगस्ट 2025 मध्ये सुटले. द्नीप्रोरुद्ने या छोट्या गावचे महापौर येव्हेन मात्वेयेव यांना मार्च 2022 मध्ये नेलं, आणि 2024 मध्ये त्यांचा मृतदेहच परत आला.

1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 54 असं आहे की ताबा घेणाऱ्या सत्तेनं तिथल्या सरकारी नोकरांचा दर्जा बदलू नये, आणि सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून कुणी काम नाकारलं तर त्याला शिक्षा करू नये. पाणीपुरवठ्याचा अभियंता असो की जन्मनोंदीचा कारकून, त्याच्यापुढे तेव्हा दोनच वाटा होत्या : नव्या सत्तेचा शिक्का हातात घ्यायचा किंवा निघून जायचं. निघून जाऊन त्याच लोकांची सेवा करणाऱ्याला मी पळपुटा म्हणणार नाही.

प्रश्न : ताब्यातल्या गावात मूल जन्मलं तर त्याचा दाखला कोण देतं? — एक परिचारिका, मिरज

उत्तर : या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. तिथल्या दवाखान्यात बाळ जन्मलं की हाती येणारा कागद रशियन शिक्क्याचा असतो. युक्रेनच्या कायद्यानं ताबा घेणाऱ्या सत्तेचे कागद रद्दबातल आहेत. ते मान्य केले तर ताबा मान्य केल्यासारखं होईल, हे त्यामागचं कारण. पण मग त्या बाळाचं काय? लसीकरण, आईला मिळणारी मदत, पुढे शाळा, पासपोर्ट, सगळं अडतं.

मार्ग कोर्टातून काढला आहे. क्रिमिया आणि पूर्वेचा काही भाग 2014 मध्येच हातचा गेला होता, म्हणून 2016 पासून अशी तरतूद आहे की जन्म किंवा मृत्यू ताब्यातल्या प्रदेशात झाला असेल, तर आईवडील किंवा नातेवाईक मोकळ्या भागातल्या कुठल्याही न्यायालयात अर्ज करू शकतात. आज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 317 खाली हे चालतं. अर्ज आला की सुनावणी विनाविलंब घ्यायची, निकाल लगेच अमलात आणायचा आणि प्रत नोंदणी कार्यालयाकडे धाडायची. त्या निकालावर युक्रेनचा दाखला मिळतो. दवाखान्याचा रशियन शिक्क्याचा कागद पुरावा म्हणून अर्जाला जोडता येतो. दाखला म्हणून तो चालत नाही, पण मूल जन्मलं हे सांगायला उपयोगी पडतो.

याचं मूळ पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. नामिबियावर दक्षिण आफ्रिकेचा बेकायदा अंमल होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 21 जून 1971 ला मत दिलं की अशा राजवटीची कृत्यं अवैध असली, तरी जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदींना ते लागू करू नये, कारण त्यात नुकसान फक्त रहिवाशांचं होतं.

आपल्याकडेही 1969 च्या कायद्यानं वर्षाहून जुनी जन्मनोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आदेशासाठी तालुक्याला खेटे घालून थकलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. तिकडच्या आईला त्याच कामासाठी आधी युद्धाची सीमा ओलांडायची असते, तीही बहुतेकदा रशिया आणि तिसऱ्या देशाच्या वाटेनं वळसा घालून, तान्हं मूल घेऊन. म्हणून परगावी थाटलेल्या पालिकेचा वकील अर्ज लिहून देतो, हे किरकोळ काम समजू नका. मृत्यूचंही तसंच. मारियुपोलच्या वेढ्यात माणसं अंगणात, बागेत पुरावी लागली. साक्षीदार पांगले. दाखल्यावाचून वारसनोंद नाही, विधवेला पेन्शन नाही. शेजाऱ्याचा जबाब, फोनमधला फोटो, जे असेल ते कोर्टापुढे मांडावं लागतं.

प्रश्न : पगाराला पैसा कुठून येतो? — एक लेखापाल, नाशिक

उत्तर : युक्रेनमध्ये प्राप्तिकराचा मोठा वाटा, 2022 पासून 64 टक्के, स्थानिक संस्थेकडे राहतो, आणि तो नोकरी देणाऱ्या मालकाची नोंदणी जिथं असेल तिथं जमा होतो. कारखाना पडला किंवा त्याची नोंदणी दुसरीकडे गेली की उत्पन्न आटतं. मग केंद्र सरकारचं अनुदान, परदेशी मदत आणि जुनी शिल्लक यांवर भागवायचं. गाव हातात नसताना एवढा कर्मचारीवर्ग कशाला, अशी टीका तिकडच्या वृत्तपत्रांनी केली आहे आणि ती मला रास्त वाटते. संकटातल्या पैशाचा हिशेब जास्त काटेकोर हवा. पण हिशेब मागणं वेगळं आणि पालिकाच मोडून टाका म्हणणं वेगळं.

प्रश्न : ताब्यातल्या घरांचं काय? आणि हे किती वर्षं चालायचं? — कराडच्याच भगिनी

उत्तर : मारियुपोलमध्ये मालक समोर नसलेले फ्लॅट नवी सत्ता ‘बेवारस’ ठरवते. वाचवायचा तर मालकानं स्वतः जाऊन रशियन कागदांनिशी उभं राहायचं. बाहेर पडलेला माणूस हे कसं करणार? त्यामुळे मालकीचे जुने कागद आणि नोंदी जपणं हे आता पालिकेचं आणि सरकारचं मोठं काम झालं आहे. युरोप परिषदेनं मे 2023 मध्ये हेगला युक्रेनसाठी नुकसानीची नोंदवही सुरू करायचं ठरवलं. एप्रिल 2024 पासून तिथं दावे घेतात, आणि पहिली रांग पडलेल्या घरांची होती. पैसे कधी हाती येतील ते वेगळं, दावा मात्र आजच नोंदवून ठेवावा.

किती वर्षं, याला सायप्रसकडे पाहा. 1974 मध्ये तुर्की सैन्य उतरलं आणि उत्तर भागातली फामागुस्ता, किरेनिया, मोर्फू अशी नऊ नगरपालिकांची गावं गेली. त्या नऊही पालिका आज दक्षिणेत चालू आहेत. फामागुस्ताची लिमासोलला थाटली होती. विस्थापित मतदार आपल्या जुन्या गावचा महापौर निवडतात, आणि मतदारांत आता गाव कधी न पाहिलेली नातवंडंही आहेत. युक्रेनमध्ये मात्र लष्करी कायदा असेपर्यंत निवडणुका होत नाहीत, शेवटच्या स्थानिक निवडणुका 25 ऑक्टोबर 2020 च्या. पुष्कळ ठिकाणी राष्ट्राध्यक्षांनी लष्करी प्रशासन नेमलं आहे. नेमलेल्या प्रशासकाचा कारभार किती वर्षं चालू शकतो, हे आपल्याला महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. मतपेटी परत यावी, आणि परगावी विखुरलेल्यांनाही आपल्या गावासाठी मत देता यावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझ्या भाच्यानं 2014 पूर्वी दोनेत्स्कला मेडिकलची काही वर्षं केली होती. आता गुणपत्रक हवं आहे. कुणाला लिहायचं? — एक शिक्षक, लातूर

उत्तर : गुरुजी, 2014 मध्ये दोनेत्स्क शहर युक्रेनच्या हातून गेल्यावर तिथलं राष्ट्रीय वैद्यकीय विद्यापीठ युक्रेनच्या ताब्यातल्या भागात हललं, त्याचा कारभार क्रोपिव्नित्स्की शहरातूनही चालतो. जुन्या इमारतीत त्याच धर्तीच्या नावाची दुसरी संस्था उभी राहिली आहे. तिच्या कागदांना युक्रेन मान्यता देत नाही. म्हणून पत्र हललेल्या विद्यापीठाच्या नावानंच पाठवा. भाच्याचं नाव पासपोर्टवर त्या वेळी होतं तसंच लिहा, प्रवेशाचं वर्ष द्या, जुन्या पासपोर्टची आणि जवळ असेल त्या प्रत्येक पावतीची छायाप्रत जोडा. मूळ कागद मात्र टपालात घालू नका.