पातळ पिझ्झा मधोमध ओला का?

प्रश्न : काउंटरवर टॉपिंग निवडायचं आणि पाच मिनिटांत पिझ्झा घ्यायचा, अशा ठिकाणी गेलो होतो. टॉपिंग कितीही घ्या, किंमत तीच. मशरूम, टोमॅटो, सिमला मिरची, डब्यातला अननस, जादा चीज असं सगळं घेतलं. कडा कडक, मधे लगदा. ‘पातळ बेस असाच असतो,’ म्हणाले. चूक कोणाची? उरलेल्याचं काय करू? वर बिलात 10 टक्के सेवा शुल्क. ते द्यावंच लागतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पातळ बेस असा नसतो. तुकडा उलटा करून पाहा.

तळ पांढराफटक, एकही तपकिरी ठिपका नाही, तर दोष भट्टीचा. गर्दीत भट्टीच्या तळाशी असलेल्या दगडाच्या एकाच जागेवर पिझ्झ्यामागून पिझ्झा टाकला की ती जागा थंड पडते. वरची हवा तापलेलीच असते, म्हणून चीज वितळतं, कडा भाजतात आणि तळ कच्चा राहतो. दोन-तीन मिनिटं दगड तापू द्यायचा, पण रांग बघून कोण थांबतंय! पिठाचा गोळा फ्रीजमधून काढून थेट लाटला तरी हेच होतं. कापलेल्या कडेला सॉसखाली चिकट, कच्च्या कणकेसारखी रेघ दिसते.

तळ भाजलेला आणि वर पाणी साचलेलं असेल, तर भाज्या नडल्या. मशरूम, टोमॅटो, सिमला मिरची या तिन्हींत 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, अननसाचा पाक वेगळाच. 11 इंची बेसला सॉस 70-80 ग्रॅम, चीज 80-100 ग्रॅम आणि ओल्या भाज्या सगळ्या मिळून मूठभर पुरे. अर्थात ‘कितीही घ्या’ म्हणणाऱ्यानेच हे सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी ओल्या भाज्या दोनच घ्या आणि ‘तळ नीट भाजा’ असं आधीच सांगा.

उरलेल्या तुकड्यांवरच्या भाज्या थोड्या काढा. जाड तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर 5-6 मिनिटं उघडेच ठेवा. चीज वितळेपर्यंत झाकण नको, वाफ पुन्हा तळात मुरते. मायक्रोवेव्हमध्ये टाकलेत तर चामडं चावाल.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. काढून द्यायला सांगा. नाही ऐकलं तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.