रॉटनेस्टला जाताना

प्रश्न : पर्थला मुलाकडे जाणार आहोत. क्वोका (मांजराएवढा पिशवीवाला प्राणी) बघायला रॉटनेस्ट बेटावर जाच, असं सगळे सांगतात. पण तिथे मूळनिवासींचा तुरुंग होता, असंही कळलं. मग सहलीला जावं का? गेलो तर काय पाळायचं?

उत्तर : जरूर जा, फ्रीमँटलहून फेरीने साधारण अर्धा तास. नूंगार लोकांसाठी, म्हणजे या भागातल्या मूळनिवासींसाठी, हे वाजेमप, म्हणजे मृतांचे आत्मे जातात ती जागा. समुद्र वाढल्याने सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ते किनाऱ्यापासून तुटलं. त्याआधी लोक तिथे पायीच जात. नेमकं तिथेच १८३८ पासून पार उत्तरेच्या किंबर्लीपर्यंतच्या पुरुषांना आणि मुलांना आणून डांबलं. अधिकृतपणे तुरुंग १९०४ मध्ये बंद झाला, सक्तमजुरी मात्र १९३१ पर्यंत सुरूच होती. दीपगृह, समुद्रभिंत, घरं, सगळं कैद्यांच्या हातचं.

उतरल्यावर पाण्यापाशी जा, मूठभर वाळू घ्या, आपलं नाव आणि गाव सांगा आणि वाळू पाण्यात सोडा. कुणाही पाहुण्याने करावी अशी ही नूंगार रीत आहे.

मग क्वोकांच्या मागे लागण्याआधी थॉमसन बेवरचं संग्रहालय बघा. तिथून क्वॉड जवळच. १८६४ च्या या तुरुंगातली एकेक कोठडी साधारण तीन मीटर बाय पावणेदोन मीटर, त्यात कैदी दाटीवाटीने. १८८३ च्या फ्लूच्या साथीत साठेक जण गेले, ते का हे कोठडीचं माप ऐकूनच कळतं. पुढे याच कोठड्या पर्यटकांच्या खोल्या झाल्या आणि २०१८ पर्यंत भाड्याने जात राहिल्या! आमच्या मते बेटावरचं सगळ्यात विचित्र सत्य हेच.

क्वॉडजवळच्या दफनभूमीत किमान ३७३ जण आहेत, कबरींवर खुणा नाहीत. म्हणूनच तिथे २००७ पर्यंत पर्यटकांचे तंबू पडत होते. तिथे तंबूंची जागा दाखवणारे जुने नकाशे अजून फिरतात, त्यांवर भिस्त ठेवू नका. तिथे सायकलवरून उतरा, हद्दीबाहेरूनच बघा, जेवायला बसू नका.

प्रश्न : तो तुरुंग पाडत का नाहीत?

उत्तर : तो निर्णय कैद्यांच्या वंशजांना विचारूनच व्हायला हवा. २०२० पासून संपूर्ण वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींशी बोलणी झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बेटावर स्मरणविधी झाला.