बिलं जीमेलला परत येतायत, काय करू?

प्रश्न: आमचा मसाल्याचा छोटा धंदा आहे, मेल स्वतःच्या डोमेनवरून जातात. नवीन बिलिंग सॉफ्टवेअर घेतल्यापासून जीमेलवाल्या गिऱ्हाइकांची बिलं ५५०-५.७.२६ असा एरर येऊन परत येतात. डोमेन ब्लॅकलिस्ट झालंय का हो?

उत्तर: नाही, घाबरू नका. हा कोड म्हणजे मेल खरंच तुमच्याकडून आलाय याची जीमेलला खात्री पटली नाही. मेल दारातूनच परत जातोय, त्यामुळे गिऱ्हाइकाला 'स्पॅममध्ये बघा' सांगून उपयोग नाही.

तुमच्या डीएनएसमध्ये (डोमेनची इंटरनेटवरची नोंदवही) एसपीएफची एक ओळ असेल, तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची ती यादी, आणि नव्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर त्यात नसणार. सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेला 'इन्क्लूड' (त्यांचे सर्व्हर यादीत घेणारा तुकडा) त्याच ओळीत घाला. इथेच बरेचजण फसतात, दुसरी वेगळी एसपीएफ ओळ टाकतात, आणि दोन झाल्या की तपासणीच फेल जाते. शिवाय त्या ओळीत डीएनएस लुकअप (ओळ तपासताना डीएनएसकडे करावी लागणारी विचारणा) १० च्या वर जाता कामा नयेत, म्हणून जुन्या बंद सर्व्हिसेस काढून टाका.

पण नुसत्या एसपीएफवर थांबू नका. कितीतरी सॉफ्टवेअर रिटर्न-पाथ (न पोचलेला मेल जिथे परत येतो तो पत्ता, एसपीएफ तोच तपासतं) स्वतःच्या डोमेनचा ठेवतात, मग एसपीएफ पास होऊनही डीमार्क ('फ्रॉम'मधल्या डोमेनशी या तपासण्या जुळतात का ते बघणारा नियम) फेल, कारण तो पत्ता 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळत नाही. म्हणून सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तुमच्याच डोमेनची डीकेआयएम सही (मेलवरची डिजिटल सही) चालू करा, ती मेल फॉरवर्ड झाला तरी सहसा टिकते.

डीएनएस बदल पसरायला वेळ द्या, मग स्वतःच्या जीमेलवर एक बिल पाठवून 'शो ओरिजिनल' उघडा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींसमोर 'पास' दिसलं पाहिजे. आणि कोणी डीमार्कच काढून टाका म्हणालं तर अजिबात ऐकू नका, उद्या तुमच्या नावाने कोणीही खोटी बिलं पाठवेल.