हरला की पट उधळतो

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बुद्धिबळात हरला की पट उधळतो, दार आपटतो आणि ‘मी ढच आहे’ म्हणत रडत बसतो. त्याचे बाबा ओरडतात, ‘एवढ्यातेवढ्यावरून रडायचं नाही.’ मी तर हल्ली मुद्दाम हरते. पुढे याचं कसं व्हायचं?

उत्तर : ताई, मुद्दाम हरणं आजपासून बंद करा. या वयात मुलांना ते बरोबर कळतं. आपलं हरणं आईलाही सोसवत नाही, एवढंच तो त्यातून शिकतो. बाबांच्या ओरडण्यातूनही त्याला तेच ऐकू येतं.

पट उधळला की लगेच समजवायला जाऊ नका. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि रागाच्या भरात तर उपदेश डोक्यात शिरतच नाही. नुसत्या जवळ बसा. हुंदके थांबले की म्हणा, ‘वजीर गेला तिथेच बिनसलं ना? जिंकत आला होतास, म्हणून जास्त लागलं.’ तो कदाचित म्हणेल, ‘नाही, तू हसलीस म्हणून राग आला.’ म्हटलं तर फारच चांगलं! आपल्याला नेमकं काय झालं, हे त्याचं त्याने शोधलं. सोंगट्या मात्र त्यालाच गोळा करू द्या. राग आला तर येऊ दे, फेकाफेक चालायची नाही.

मला खरी काळजी वाटते ती ‘मी ढच आहे’ची. घरात ‘किती हुशार माझं बाळ’ असं सारखं होतं का? क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांना कोडी दिली होती. काहींच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. पुढची अवघड कोडी सुटेनात, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली. मेहनतीची शाबासकी मिळालेली नेटाने झटत राहिली. तेव्हा डाव संपल्यावर विचारा, ‘तो घोडा पुढे काढायचं कसं सुचलं रे?’ त्यावर तो बराच वेळ बोलेल, बोलू द्या.

बाबांनीही त्याच्याशी खेळावं, आणि स्वतः हरल्यावर ‘छे, चिडलो बुवा मी! पुन्हा मांडूया’ असं मोकळेपणी म्हणावं. मुलं हे बघूनच उचलतात.

खेळ नसतानाही तो स्वतःला ढ म्हणत असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा शाळा टाळत असेल, तर मात्र थांबू नका, बालसमुपदेशकांना भेटा.